बांधावर ठेवलेले कांदे

पोलीस खात्यातली बहुतेक प्रकरणे फाइल बंद झाली की डोक्यातूनही उतरतात. हे एक उतरले नाही. त्या सकाळी लाल मातीच्या कडेला ओळीने मांडून ठेवलेले कांदे मी पाहिले, ते मला आजही जसेच्या तसे दिसतात. किती होते, कोणत्या बाजूला तोंडे करून ठेवले होते, हेसुद्धा आठवते.

मी मूळचा दादरचा. बायको नर्स. तिला ऑकलंडच्या इस्पितळात नोकरी लागली म्हणून दोघेही न्यूझीलंडला आलो, आणि वर्षा-दोन वर्षांत मी इथल्या पोलिसांत भरती झालो. दक्षिण ऑकलंडमध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून बरीच वर्षे काढली. आता निवृत्त होऊन वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात राहतो. नोकरीभर एक सवय पाळली: घटनास्थळी गेल्यावर आधी वही काढायची आणि दिसेल ते क्रमाने लिहायचे. मत नंतर. या प्रकरणात मी हा क्रम पहिल्याच ओळीत मोडला, ते पुढे सांगतो. कोणाचेही नाव देणार नाही. त्यातली बहुतेक माणसे अजून आहेत, आणि त्यांनी पुरेसे सोसले आहे.

दोन हजारच्या दशकाच्या मधली ती वर्षे. जनुक बदललेल्या पिकांवरून देश दुभंगला होता. प्रयोगशाळेत एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालून तयार केलेले पीक उघड्या शेतात लावावे की नाही, एवढाच प्रश्न. पण त्यावरून मोर्चे निघत, संसदेत आरडाओरडा होई. एक बाजू म्हणे, याने फवारण्या कमी होतील, शेतकऱ्याचा त्रास वाचेल. दुसरी म्हणे, परागकण एकदा वाऱ्यावर गेले की परत बोलावता येत नाहीत. इथल्या मूळ रहिवाशांचे, माओरी वडीलधाऱ्यांचे, म्हणणे वेगळेच होते: झाडालाही वंशावळ असते, तिच्यात परक्याचे रक्त मिसळण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आमच्या मराठी मंडळातही हेच. गणपतीची आरती झाली की प्रसादाची वाटी हातात घेऊन आयटीवाले आणि डॉक्टर एकमेकांवर तुटून पडत. एकदा तर मोदक गार झाले म्हणून माझ्या बायकोने दोन्ही पक्षांना झापले होते.

उघड्यावरच्या लागवडीची बंदी उठली होती, पण चाचणीच्या प्लॉटला कडक अटी असत. आमच्या हद्दीच्या दक्षिण टोकाला, कांद्याच्या पट्ट्यात, एका संशोधन केंद्राचा असा एक छोटा प्लॉट होता. तणनाशक मारले तरी न मरणारा कांदा त्यांनी तिथे लावला होता.

जानेवारीतला दुसरा आठवडा. नाताळची सुट्टी संपून देश हळूहळू कामावर येत होता. सकाळची बैठक चालू असतानाच फोन आला: प्लॉटची नासधूस झाली आहे.

मी आणि माझा जोडीदार निघालो. हा जोडीदार तरुण माओरी कॉन्स्टेबल, आजीच्या हाताखाली वाढलेला, कमी बोलणारा. तिथे केंद्राचा मॅनेजर वाट पाहत होता. चाळिशी उलटलेला, उन्हाने लाल झालेला माणूस.

"बघा, सगळं उद्ध्वस्त केलंय," तो म्हणाला.

मी पाहिले. सगळे उद्ध्वस्त नव्हते. कांदा काढणीला आला होता; पातीने माना टाकल्या होत्या. बहुतेक ओळी होत्या तशाच होत्या. मधूनमधून खड्डे दिसत होते. उपटलेले कांदे प्लॉटच्या कडेला, मातीच्या उंचवट्यावर, एका सरळ ओळीत ठेवलेले. मोजले, एकेचाळीस. कांदे वाटेकडे, शेंडे शेताकडे. मुळांची माती झटकलेली. प्रत्येकाला मधोमध एक जाड, ताठ दांडा आणि टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली गाठ. समोरचे उंच कुंपण शाबूत होते. मागच्या बाजूला ट्रॅक्टरचे फाटक होते, ते तारेने बांधलेले. तार कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती, कारण गाठ मॅनेजरच्या गाठीसारखी नव्हती. ओल्या मातीत चपलेचा एक स्पष्ट ठसा होता.

हे सगळे मी वहीत लिहिले. पण त्याच्या आधी, पानाच्या सगळ्यात वर, मी एक प्रश्न लिहून ठेवला होता: कोणत्या गटाचे?

जोडीदार उकिडवा बसून त्या ओळीकडे बघत होता.

"बॉस, तोडफोड करणारा माणूस माती झटकत बसत नाही," तो म्हणाला. "माझी नॅन कुमरा काढते ना, ती असंच मांडून ठेवते. एकसुद्धा वाकडा दिसला तर आम्हाला ओरडते."

कुमरा म्हणजे इथले रताळे, आणि नॅन म्हणजे त्याची आजी. मी त्याला म्हणालो, "तुझ्या नॅनला अटक करू या का?"

"करून बघा. परत येताना दोन कॉन्स्टेबल कमी असतील."

हसलो आणि पुढे गेलो. त्याने सांगितलेली गोष्ट मात्र मी वहीत घेतली नाही.

दुपारपर्यंत रेडिओवर बातमी आली. संध्याकाळी एका नेत्याने याला दहशतवाद म्हटले, दुसऱ्याने जनतेचा उद्रेक म्हटले. दोघांपैकी कोणीही तो प्लॉट पाहिला नव्हता. आमच्या इन्स्पेक्टरला वरून दर तासाला फोन येत होते.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. त्या रस्त्यावर दूध घालणाऱ्या एका माणसाने ठाण्यावर फोन केला: घटनेच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास प्लॉटजवळ एक छोटी लाल गाडी थांबली होती आणि तिच्या काचेवर 'जीई-फ्री'चा, म्हणजे या पिकांच्या विरोधकांचा, स्टिकर होता. असे स्टिकर बरेच होते. लाल गाड्याही बऱ्याच होत्या. दोन्ही एकत्र आणि त्या रस्त्याने रोज जाणारी गाडी एकच निघाली. पापाटोएटो या उपनगरात राहणाऱ्या आणि प्लॉटच्या पुढच्या गावातल्या फार्मसीत काम करणाऱ्या एका मुलीची.

मुलगी म्हणजे अठ्ठावीस वर्षांची बाई. पुण्यात शिकलेली, नाशिककडची. इथली परीक्षा देऊन फार्मसिस्ट म्हणून नोंदणी मिळवलेली. कायम वास्तव्याचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. आणि या पिकांच्या विरोधातल्या जाहीर सभांत दोनदा भाषण केलेले. इन्स्पेक्टरने तिची माहिती वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तुमच्यातलीच आहे. तुझ्याशी बोलेल."

ती बोलली. इतकी लगेच बोलली की मी सावध झालो.

मुलाखतीच्या खोलीत व्हिडिओ चालू करून मी तिला तिचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाली. दोन्ही हात टेबलावर ठेवून ताठ बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "मी केलं. एकटीने."

माझ्यासमोर वही उघडी होती. मी एकेक विचारत गेलो.

"आत कुठून गेलात?"

"समोरून. कुंपणावर चढून."

"किती रोपं उपटली?"

"मोजली नाहीत. हाताला येतील ती."

"मग काय केलं?"

"फेकून दिली. पायाखाली तुडवली. राग होता."

"पायात काय होतं?"

"बूट."

चार प्रश्न, चार उत्तरे, चारही चूक. हे कांदे तिने पाहिलेलेसुद्धा नव्हते. मी व्हिडिओवर नोंद केली की आता पुढचा भाग मराठीत होईल, आणि तिला म्हणालो, "तुम्ही तिथे आत गेलाच नव्हता."

तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. "काका, प्लीज. मी कबूल करतेय ना? अजून काय हवंय तुम्हाला?"

"खरं."

"खरं सांगून कुणाचं भलं होणारे?"

"गुन्हा शाबीत झाला तर नोंदणी जाईल. वास्तव्याचा अर्ज फेटाळला जाईल. कल्पना आहे ना?"

"माहितीये. अर्ज मीच भरलाय, त्यातला प्रत्येक रकाना पाठ आहे मला." मग खाली बघत हळूच म्हणाली, "मला इंग्रजी येतं. कोर्टात उभं राहता येतं. सगळ्यांनाच नाही येत."

हे शेवटचे वाक्य मी वहीत घेतले आणि खाली रेघ मारली.

इन्स्पेक्टरला हे पटेना. "कबुली आहे, व्हिडिओ आहे, हेतू आहे. अजून काय पाहिजे तुला, तिच्या सहीचा कांदा?"

"चार गोष्टी जुळत नाहीत."

"घाबरली असेल."

"घाबरलेला माणूस एखादी गोष्ट चुकतो, सर. चारही चुकत नाही."

त्याने कॅलेंडर पुढे ओढले. "सोमवारी सकाळी तिला कोर्टात उभं करायचं. तोपर्यंत तुझे दोन दिवस."

तिला जामिनावर सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी चपला-बुटांच्या तपासणीचे वॉरंट घेऊन आम्ही दोघे पापाटोएटोला गेलो. भारतीय दुकानांच्या रांगेमागे छोटी जोडघरे आहेत, त्यातले एक. दार एका म्हाताऱ्या गृहस्थाने उघडले. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी. तिचे वडील. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले. बायको जाऊन काही वर्षे झालेली. निफाडकडची शेती आता मुलगा बघतो, असे नंतर कळले. दाराजवळच्या फळीवर त्यांच्या चपला होत्या. टाचेच्या खाचेत लाल माती वाळून बसली होती.

"या, या. पाणी घ्या आधी," ते म्हणाले. माझ्या नावाची पाटी वाचून डोळे बारीक केले. "मराठी? कुठले तुम्ही?"

"दादरचा."

"म्हंजे कांदा फक्त पिशवीत बघितलेला."

जोडीदाराने मला विचारले, काय म्हणाले? मी सांगितले. तो म्हाताऱ्याकडे बघून हसला आणि मान डोलावली. तेवढ्यात आतून मुलगी आली. आम्हाला बघताच तिचा रंग उडाला.

"बाबा, तुम्ही आत जा."

"का म्हणून? पाहुणे आलेत." आणि मग माझ्या हातातल्या फाइलमधून डोकावणारा फोटो त्यांनी पाहिला. एकेचाळीस कांद्यांची ती ओळ. चष्मा वर करून त्यांनी तो नीट पाहिला आणि अगदी सहज म्हणाले, "हे माझंच काम. अजून उचलले नाहीत का मालकाने?"

"बाबा, गप्प बसा!"

मी हात वर केला. आता त्यांना पुढे बोलू देणे बरोबर नव्हते. हक्क वाचल्याशिवाय घेतलेले एक वाक्यही पुढे कामाचे राहत नाही, आणि त्यांच्यावर अन्यायही होतो. मी त्यांना मराठीत सांगितले, की आता एक शब्दही बोलू नका, ठाण्यावर चला, तिथे वकील मिळेल, दुभाषी मिळेल. ते चपला घालायला वाकले. जोडीदाराने हळूच त्या उचलून पिशवीत घातल्या. म्हातारे लेकीच्या सपाता घालून गाडीत बसले. मुलगी दारात उभी होती. रडत नव्हती. मला एवढेच म्हणाली, "त्यांना माहीतच नाही, ते कुणाचं शेत होतं."

जबाब दुसऱ्या अधिकाऱ्याने घेतला. त्यांची भाषा मला येत असली, तरी तपास माझाच असल्याने मी दुभाषी होणे योग्य नव्हते. दुभाषी फोनवर होती, मूळची पुण्याची. तिची एका शब्दापाशी गाडी अडली. "एक मिनिट हं, डेंगळे म्हणजे नक्की काय, आजोबा?"

आजोबांनी सांगितले. कांद्याला कधीकधी अवेळी फुलाचा दांडा येतो. तो डेंगळा. असा कांदा पोकळ पडतो, टिकत नाही. पण मोठे नुकसान पुढेच. डेंगळ्याला फूल आले की त्याचे पराग आसपासच्या शेतात जातात, आणि ज्याने घरचे बियाणे धरलेले असते त्याचे बियाणे बिघडते. त्यांच्या शिवारात चार-पाच जण घरचे बियाणे धरत. म्हणून वडिलांच्या काळापासून एक रीत होती: कुणाच्याही रानात डेंगळा दिसला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने तो काढायचा. मालकाला शोधत बसायचे नाही, कारण फूल थांबत नाही. मात्र काढलेला कांदा न्यायचा नाही, तिथेच बांधावर ओळीने ठेवायचा.

"का ठेवायचा?" अधिकाऱ्याने विचारले.

"मालकाला कळलं पाहिजे ना. सकाळी येऊन बघतो, बांधावर कांदे. म्हणजे चोर नव्हता आला, शेजारी आला होता."

मुलगी त्यांना रोज कामावर जाताना त्या रस्त्यावर सोडत असे. घरात बसून कंटाळतात म्हणून. ते कांद्याच्या शेतांमधून तासभर चालत फार्मसीपर्यंत जात आणि मग तिथल्या बाकावर पेपर चाळत बसत. त्या दिवशी सगळ्या पाती आडव्या पडलेल्या आणि मध्ये ताठ उभे डेंगळे, हे त्यांना रस्त्यावरून दिसले. "चार दिवस बघत होतो. कुणी काढंना. टोकं फुटायला आली. मग गेलो मागच्या फाटकानं. काढले, ठेवले, फाटक लावलं."

कुंपणावर प्रवेशबंदीचा इंग्रजी फलक होता, तो पाहिला नाही का, असे अधिकाऱ्याने विचारले.

"पाहिला. लाल होता. वाटलं औषध मारलंय, हात धुवा म्हणून लिहिलं असंल. धुतले मी."

फार्मसीत पोचल्यावर त्यांनी लेकीला सहज सांगितले होते. तिला त्याचा अर्थ संध्याकाळी रेडिओ ऐकल्यावर कळला. सभांत भाषण करणाऱ्या बाईचा बाप, चाचणीच्या प्लॉटमध्ये. तो फक्त शेजारधर्म पाळायला गेला होता, यावर कोण विश्वास ठेवणार? म्हाताऱ्या माणसाला परक्या देशात कोठडी दिसेल, या भीतीने तिने आपली नोंदणी आणि आपला अर्ज पणाला लावला होता.

जबाब खरा वाटत होता, पण खरा वाटणे पुरत नाही. मी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन एकेचाळीसही पिशव्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक कांद्याला दांडा होता. बिनदांड्याचा एकही नव्हता. हे मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवले होते आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. मग परवान्याच्या अटी मागवल्या. त्यातली एक ठळक होती: प्लॉटमध्ये एकाही झाडाला फुलाचा दांडा राहता कामा नये, दर तीन दिवसांनी तपासणी, दिसेल तो दांडा ताबडतोब काढणे, नोंदवहीत सही.

मॅनेजरने नोंदवही दिली. दर तीन दिवसांनी सही. प्रत्येक वेळी तेच वाक्य: दांडा आढळला नाही. शेवटची सही घटनेच्या आदल्या दिवशीची.

"हे दांडे गुडघ्याएवढे आहेत," मी म्हणालो. "एका रात्रीत आले?"

"कांद्याचं सांगता येत नाही."

दीड तास विचारले. तो तसूभर हलला नाही. शिकलेला माणूस कागदाच्या मागे उभा राहिला की त्याला हलवणे कठीण, हा माझा नेहमीचा अनुभव.

गाठ सुटली ती आमच्या चौकशीने नाही. इथे पोलिसांत एक पद्धत आहे: लहान गुन्ह्यात दोन्ही पक्षांची तयारी असेल तर आरोपी आणि तक्रारदार यांना एका खोलीत समोरासमोर बसवतात. म्हाताऱ्यांनी स्वतःच विचारले होते, "मालकाला एकदा भेटू द्या. न विचारता आत गेलो, हे चुकलंच." सोमवारची कोर्टाची वेळ इन्स्पेक्टरने पुढे ढकलली, नाखुशीने. मॅनेजर आला तो वकिलाने ये म्हटले म्हणून.

म्हातारे उठून उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. मुलगी वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होती.

"साहेब, तुमच्या रानात न विचारता शिरलो. आमच्याकडे चालतं, म्हणून इथं पण चालंल असं धरलं. माफी असावी." थोडे थांबून त्यांनी अगदी मायेने विचारले, "तुम्ही आजारी होता का? चार दिवस कुणी फिरकलं नाही, म्हणून विचारतो. घरी सगळं बरं आहे ना?"

मुलीने याचे भाषांतर केले.

मॅनेजरने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही. "मी आजारी नव्हतो," तो म्हणाला. "मुलांना घेऊन समुद्रावर गेलो होतो. सगळेच सुट्टीवर होते. नाताळपासून तिकडे कोणी गेलंच नाही. परत आल्यावर एका दुपारी बसून मी सगळ्या सह्या केल्या."

वकिलाने त्याचा दंड धरला, पण उशीर झाला होता. म्हाताऱ्यांनी लेकीकडे पाहिले. तिने सांगितले. ते मान हलवत म्हणाले, "होतं असं. पण कांदा सुट्टी घेत नाही हो."

यानंतर ते प्रकरण कोणालाच नको होते. केंद्राने तक्रार मागे घेतली. इन्स्पेक्टर म्हणाला, फाइलवर 'पुरावा अपुरा' लिही आणि बंद कर. मी लिहिले नाही. सगळे क्रमाने लिहिले: दांडे, नोंदवही, सह्या, फाटकाची गाठ, कोण आत गेले आणि कशासाठी. परवाना देणाऱ्या कार्यालयाला प्रत पाठवली. प्लॉट महिन्याभरात बंद झाला. मॅनेजरची नोकरी गेली. मुलीने पोलिसांना खोटा जबाब दिला होता, तोही गुन्हाच. पण मी लेखी ताकीद पुरेशी आहे अशी शिफारस केली आणि ती मान्य झाली. तिची नोंदणी राहिली. अर्ज वर्षभर रखडला, पण मंजूर झाला.

विरोधकांना म्हातारे हवे होते. त्यांच्या संघटनेची माणसे पुष्पगुच्छ घेऊन पापाटोएटोला गेली. सभेत दोन शब्द बोला म्हणाली. मुलीनेही विनवले, हे तिनेच मला नंतर सांगितले: "मी म्हटलं, बाबा, तुम्ही एवढंच म्हणा की तुम्हाला हे पीक पटत नाही. तर म्हणाले, अगं, पण मला त्या पिकाचं काय माहीत? मी डेंगळे काढले." ते गेले नाहीत. संघटनेत तिच्याशी बोलणे अनेकांनी सोडले. रेडिओवरच्या दोन्ही नेत्यांनी पुन्हा कधी त्या प्लॉटचे नाव घेतले नाही. नासधूस झाली नव्हती, उद्रेकही झाला नव्हता, आणि जे झाले होते ते कोणाच्याच भाषणात बसत नव्हते.

आता मला बोचणारी गोष्ट सांगतो. तीन वर्षांनी तिला मुलगा झाला. वडिलांनी पुन्हा व्हिसासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. कारणात माझ्या फाइलमधले वाक्य होते, शब्दशः: 'परवानगीशिवाय संरक्षित चाचणी क्षेत्रात प्रवेश केल्याचे मान्य केले.' मी पत्र लिहिले, दोनदा. उपयोग झाला नाही. नातू त्यांनी फोटोतच पाहिला. दोन वर्षांपूर्वी ते गेल्याचा फोन तिने मला केला. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरे वाटले असते. फाइल मी बरोबरच लिहिली होती. आजही तशीच लिहीन. पण बरोबर लिहिलेल्या फाइलचाही भार कुणाच्या तरी माथ्यावर पडतो, हे तेव्हापासून विसरलो नाही.

आणि शिकलो ते हे: माणूस कोणत्या बाजूचा, हा प्रश्न मी सगळ्यात वर लिहिला होता. त्याने काय केले, हे खाली लिहिले होते, पूर्ण आणि अचूक. खालचे आधी वाचले असते, आणि जोडीदाराच्या नॅनची गोष्ट हसण्यावारी न नेता वहीत घेतली असती, तर त्या मुलीला व्हिडिओसमोर खोटे बोलावे लागले नसते. पुढे हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याची वही मी तपासायचो, आणि पहिल्या ओळीत प्रश्नचिन्ह दिसले की पान बदलायला लावायचो.

त्या वर्षी भारतात परत जाण्याच्या आदल्या दिवशी म्हातारे ठाण्यावर चपला न्यायला आले होते. मुद्देमाल परत केल्याची सही घ्यायची होती. त्यांनी ठळक मराठी अक्षरांत सही केली, चपला काउंटरखाली जमिनीवर ठेवून पायात घातल्या. मग थोडे पुढे वाकून, कोणी ऐकत नाही ना असे बघत, त्यांनी मला विचारले, "साहेब, एक सांगा. तो कांदा खायला कसा होता?"

मला माहीत नव्हते. अटींप्रमाणे तो कोणी खायचा नव्हता, आणि एकेचाळीसही कांदे माझ्याच देखरेखीखाली भट्टीत जाळले गेले होते. इतकी माणसे त्यावरून भांडली, मोर्चे निघाले, फाइल माझ्या बोटभर जाडीची झाली, पण हे कोणी विचारले नव्हते.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"कुणालाच नाही?"

"बहुतेक नाही."

"अरेरे," ते म्हणाले. लेक बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होती. ते निघाले. मी वही काढून तो प्रश्न लिहून घेतला. त्याच्यापुढची जागा अजून कोरी आहे.